विकेट आधी कुणाच्या घरात पडते?

(दृश्य: सिडकोतली गल्ली, आयपीएलची रात्र)

वरच्या मजल्यावरून एकदम आरडाओरडा होतो आणि खाली ओट्यावर मोबाईल धरून बसलेली पोरं वैतागतात. त्यांच्या स्क्रीनवर गोलंदाज अजून रनअपच घेतोय. "ओ काका, हळू ओरडा ना! आमचं मागे चाललंय!" काकांकडे केबल आहे.

असं का होतं? नेटवरून येणारं चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेलं असतं. फोन आधी थोडे तुकडे जमा करतो, मग दाखवायला लागतो. नेट मंदावलं की पुढचा तुकडा हलक्या दर्जाचा मागवतो, म्हणून ऐन उंच फटक्याला चेंडू धूसर होतो. या साठ्यामुळे सामना सहसा अडकत नाही, पण मागे पडतो. आणि मागे पडतो तोही प्रत्येक फोनवर वेगवेगळा. एका ओट्यावर चार फोन असले तर एकच विकेट चारदा पडते.

बाजाराने आपला कौल २०२२ मध्येच दिला. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या हंगामांसाठी भारतातले टीव्हीचे हक्क २३,५७५ कोटींना गेले आणि डिजिटलचे २३,७५८ कोटींना. २०२३ मध्ये जिओसिनेमाने सगळे सामने फुकट दाखवले, तेही मराठी समालोचनासह. त्याच वर्षी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. निकालाचं नको बोलायला.

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनाला उतरला. जिओची सेवा सुरू झाली ५ सप्टेंबरला. महिनाभराचीच चुकामूक! आज तशी शर्यत असती तर गावाने शेताच्या बांधावर बसून पाहिली असती.

(दृश्य: निफाडकडचं एक गाव, टेनिस बॉलची स्पर्धा)

आमच्या मते खरी गंमत इथे आहे. मंडपात चषक मांडलेत. टेबलावर तिपाई, तिपाईवर मोबाईल, मोबाईलला पॉवर बँक. शेजारी गुणलेखक ॲपमध्ये धावा भरतोय, त्या थेट चित्राखालच्या पट्टीत उमटतात. माईकवाला दोन षटकांच्या मध्ये ठिबकच्या दुकानाची, औषधवाल्याची नावं घेतो, कारण बक्षिसाचे पैसे त्यांचेच आहेत.

बघणारे कोण? चाकणला कंपनीत लागलेला थोरला भाऊ. दुबईतला मित्र. आणि द्राक्षाच्या हंगामात बागेतून पाय निघत नाही ते, पॅकिंग शेडमध्ये क्रेटला फोन टेकवून. खाली एकामागून एक मेसेज पडतात: "भावा, ऑफला टाक, त्याला ऑफ जमत नाही!" समोरच्या संघाचा कुणीतरी तेही वाचत असतोच.

रनआऊटवरून वाद पेटला. पूर्वी अशा वादात अख्खी दुपार जायची. आता दोन्ही कर्णधार तिपाईपाशी धावतात. "थांबा, लाईव्ह मागे घ्या!" पट्टी मागे ओढली जाते, पाच-सहा डोकी स्क्रीनवर वाकतात. बॅट क्रीजच्या आत आहे की बाहेर?

नेमका स्क्वेअर लेगचा क्षेत्ररक्षक मध्ये उभा आहे. पंचांनी संशयाचा फायदा फलंदाजाला दिला, आणि मंडपातून पुढच्या वर्षी दुसरा कॅमेरा लावायची मागणी आली.