हर्बी हॅनकॉक: तार, पोलाद आणि व्होल्ट

[दृश्य: फेंडर रोड्सचं झाकण उचललं जातं. आत ओळीने पोलादी काड्या.]

हा फेंडर रोड्स. हाही पियानोच, पण यात एकही तार नाही. 73 पट्ट्या आहेत. पट्टी दाबली की हातोडी खालून एका बारीक पोलादी काडीवर आपटते. ही टाइन. तिच्या वरच्या बाजूला टोनबार, म्हणजे धातूचा जाड दांडा असतो. दोन्ही मिळून थरथरतात आणि समोरचा पिकअप, म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार, त्या थरथरीची वीज करतो.

[टाइनचं टोक, अगदी जवळून. स्क्रू फिरतो.]

आता हा स्क्रू पाहा. टाइनचं टोक पिकअपच्या बरोबर मध्यावर आलं, तर वरच्या सप्तकातला किणकिणता सूर पुढे येतो आणि मूळ सूर दबतो. टोक किंचित वर नेलं की आवाज भरतो. पिकअप जास्त जवळ आणला, तर जोरात वाजवताना सूर गुरगुरतो. काडीवर हे छोटं स्प्रिंग दिसतंय ना, ते सरकवून सूर लावायचा. वर्षानुवर्षांच्या मारानं टाइन तुटते. हातोडीच्या टोकाला खाच पडली, तर सुराआधी 'टक्' असा आवाज येतो.

1968 साली ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या रेकॉर्डिंगला अमेरिकन जाझ पियानोवादक हर्बी हॅनकॉक स्टुडिओत पोचला, तेव्हा नेहमीचा पियानो नव्हता, हाच विजेवर चालणारा होता. त्याला ते खेळणं वाटलं. कॉर्ड धरली, म्हणजे काही सूर एकदम दाबले, आणि मत बदललं. पट्टी हलकी दाबली की गोलवा, जोरात दाबली की धार. बोटाचा दाब ओळखणारं वाद्य कुठल्याही पियानोवादकाला आपलं वाटणारच.

[स्थिर छायाचित्र: शिकागो, पन्नासचं दशक.]

ती बोटं तयार झाली होती शिकागोत. जन्म 1940. सातव्या वर्षी पियानो. फेब्रुवारी 1952 मध्ये, अकराव्या वर्षी, शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर मोझार्टच्या 26व्या पियानो कन्चेर्टोचा, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेचा, पहिला भाग. जाझ आला शाळेत असताना. रेकॉर्ड लावायची, सुई उचलायची, मागे ठेवायची, ऐकलेला तुकडा सुरासुराने उतरवून घ्यायचा. पुढे आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजात इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, मग संगीत. त्याच्या पुढच्या वाटचालीत हे इंजिनिअरिंग पदोपदी कामाला आलं. यंत्र आतून कसं चालतं हे कळल्याशिवाय त्याला चैनच पडत नसे.

[पियानोवर दोन हात. एकच कॉर्ड, पुन्हा पुन्हा.]

ही कॉर्ड ऐका. हॅनकॉकच्या 1965 च्या 'मेडन व्हॉयेज' या रचनेची सुरुवात. डाव्या हातात डी, उजव्यात ए मायनर सेव्हन. डी हा षड्ज धरला तर सूर होतात सा, रे, म, प आणि कोमल नी. गंधार नाहीच! गंधार नसल्यामुळे कॉर्ड ना मेजर (शुद्ध गंधाराची), ना मायनर (कोमल गंधाराची). ती कुठेही जायला बांधलेली नाही. आपल्याकडे मधमाद सारंगाला हेच सूर लागतात. राग वेगळी गोष्ट, चलन वेगळं. पण आपल्या कानाला ही मोकळीक ओळखीची वाटते ती उगाच नव्हे. चार मात्रांचा एक, असे चार बार गेले की सगळी कॉर्ड उचलून एफवर. म्हणजे षड्जच कोमल गंधारावर जाऊन बसतो.

[आर्प ओडिसी. बोटं स्लायडर वर-खाली करतात.]

आर्प ओडिसी हा सिंथेसायझर, विजेतून सूर घडवणारं वाद्य. यात 37 पट्ट्या, दोन ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारी दोन सर्किटं. इथे बोटाचा दाब चालत नाही. हळू दाबा, जोरात दाबा, आवाज तेवढाच. मग ठोसा आणायचा कुठून? सूर किती लवकर सोडता त्यातून, आणि आवाजाची धार कमी-जास्त करणारा फिल्टर किती झटकन उघडतो-मिटतो त्यातून. पियानोचा रियाज इथे अपुरा पडतो. डाव्या हाताला स्लायडरचा वेगळा रियाज लागतो. वाद्याला स्मरणशक्ती नाही. एक आवाज सापडला की स्लायडरच्या जागा कागदावर उतरवून ठेवायच्या, पुढच्या गाण्याआधी पुन्हा हाताने लावायच्या. वाद्य तापलं की सूरही सरकतो, म्हणून आधी चालू करून ठेवायचं आणि मगच सुरात लावायचं.

1973 च्या 'हेड हंटर्स' या त्याच्या अल्बममधलं 'कॅमेलियन' याच वाद्यावरच्या खर्जाच्या ओळीनं सुरू होतं. बी फ्लॅट मायनर आणि ई फ्लॅट, दोनच कॉर्ड. ओळ अर्ध्या-अर्ध्या सुरांनी चढत मुक्कामाला येते आणि पुन्हा पहिल्यापासून. पंधरा मिनिटांहून मोठी रचना या ओळीवर तोलली आहे.

[क्लॅव्हिनेटचं झाकण उघडं.]

'कॅमेलियन'मध्ये गिटारसारखं खटकदार वाजतं ते बहुतेक वेळा गिटार नसतंच. तो हा होनर क्लॅव्हिनेट डी-6. 60 पट्ट्या, 60 तारा. पट्टीखालचं रबरी टोक तार धातूच्या ठोकळ्यावर दाबतं. जुन्या वाद्यांत हे रबर वितळल्यासारखं चिकट होतं, तारेला धरून बसतं, आणि पट्टी सोडली तरी सूर स्वच्छ सुटत नाही. त्यावर इलाज एकच: साठही टोकं बदलायची.

याआधीचा त्याचा 'म्वांदिशी' संच पैशाअभावी मोडला होता. 'हेड हंटर्स' दहा लाखांवर खपली. जाझमधल्या कर्मठ मंडळींनी नाकं मुरडली.

[टर्नटेबल. हात रेकॉर्ड मागे-पुढे ओढतो.]

1983, हॅनकॉकचं 'रॉकिट'. निर्माते बिल लॅस्वेल आणि मायकेल बाइनहॉर्न यांनी ओबरहाइम डीएमएक्स ड्रम मशीनवर पाया रचला. डीजे ग्रँडमिक्सर डी.एसटी.नं रेकॉर्ड घासून त्यावर ताल धरला. हॅनकॉकनं वरून धून टाकली, थोडक्या सुरांची, कुणालाही गुणगुणता येईल अशी. एवढी तयारी असलेल्या माणसानं मोजकंच वाजवायचं, हा संयम आम्हाला फार मोठा वाटतो. त्या गाण्याला ग्रॅमी मिळालं.

याच काळात साधा पियानो बंद नव्हता. 1978 मध्ये एकीकडे व्होकोडरमधून, म्हणजे आवाज यंत्रासारखा करणाऱ्या उपकरणातून गाणं, दुसरीकडे जाझ पियानोवादक चिक कोरियासमोर बसून दोन ध्वनिक पियानोंची जुगलबंदी. 2010 च्या 'द इमॅजिन प्रोजेक्ट'मध्ये अनुष्का शंकरची सतार आणि के. एस. चित्रांचा आवाजही आहे. 2008 मध्ये गायिका जोनी मिचेलच्या गाण्यांवरच्या अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी.

[पियानोवर डावा हात. एकसारखी, संथ चाल.]

आणि 1998 चं हे. फ्रेंच संगीतकार रावेलच्या जी मेजर कन्चेर्टोचा संथ भाग, ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्राबरोबर. डावा हात शेवटपर्यंत एकाच चालीत. ऑर्केस्ट्राचं लिहिलेलं तसंच राहतं. पियानोच्या ओळीत हॅनकॉक उपज करतो. या ऑर्केस्ट्राला कंडक्टर नसतो. पियानोनं एखादा सूर लांबवला, तर काठी उचलून सांभाळून घेणारं कुणी नाही. बासरी-ओबोवाल्यांनी कानानंच ओळखायचं, तो परत कुठे उतरणार आहे.