ईयोबाचे मधले अध्याय

बंधुभगिनींनो,

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत ‘अन्यायाच्या काळातील उपासना’ असा छापला आहे. त्यातील विश्वासाविषयीचे विवेचन मी शेवटी करणार आहे, कारण त्याआधी मनात साचलेली एक खंत आपल्यापुढे मांडणे मला आवश्यक वाटते. बायबलमधील ईयोबाच्या, म्हणजे निर्दोष असून सर्वस्व गमावलेल्या माणसाच्या, पुस्तकाचे 42 अध्याय आहेत. परंतु आपल्या अंत्यविधींना आणि स्मरणसभांना वाचला जातो तो पहिला, फार तर दुसरा. “परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले, धन्य परमेश्वराचे नाम” हे वचन वाचले जाते, एक गीत म्हटले जाते, आणि जिचा मुलगा तासाभरापूर्वी मातीआड झाला त्या आईने आता डोळे पुसावेत अशी आपण सर्वजण अपेक्षा करतो. तोच ईयोब तिसऱ्या अध्यायात आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, आणि एकतिसाव्या अध्यायापर्यंत देवाकडे आपल्या न्यायाची मागणी करीत राहतो. ते अध्याय त्या आईच्या कानावर कोणी घालत नाही.

ही खंत माझ्या घरातून आलेली आहे. माझे वडील नगर जिल्ह्यातील एका शिक्षणसंस्थेत लेखनिक होते. सारे गाव त्यांना भाऊसाहेब म्हणत असे. 1972 च्या दुष्काळानंतरच्या वर्षी संस्थेच्या फीच्या हिशेबात 840 रुपयांची तूट निघाली आणि एका पावतीपुस्तकाच्या काही स्थळप्रती गहाळ असल्याचे आढळले. ते पुस्तक त्या महिन्यात आपल्या ताब्यात नव्हते, असे वडिलांनी लेखी कळवले. तरीही त्यांना निलंबित करण्यात आले, अर्धा पगार निर्वाहभत्ता म्हणून सुरू झाला आणि चौकशीच्या तारखा पुढे पुढे जात राहिल्या. घरात सरकारी दुकानातला लाल मिलो येत असे. त्याची भाकरी थापताना कडेने चिरत जाई आणि आई ओल्या बोटाने त्या चिरा पुन्हा पुन्हा बुजवत बसे, हे मला अजून दिसते.

मंडळीतील माणसे भेटायला येत, आणि ती खऱ्या मायेने येत, हे मला आवर्जून सांगितले पाहिजे. एकांनी सांगितले की देव ज्याच्यावर प्रीती करतो त्यालाच शिक्षा करतो. दुसऱ्यांनी, घरात एखादे झाकलेले पाप आहे काय ते तपासून पाहावे, असे सुचवले. तिसऱ्यांचे म्हणणे असे की स्तुती वाढवली की बंद दार उघडते. ईयोबाचे सांत्वन करायला आलेले एलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र मला पुढे शास्त्रात भेटले तेव्हा ते ओळखीचे वाटले. (त्या तिघांविषयी एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने नोंदवली पाहिजे: ते पहिले सात दिवस आणि सात रात्री ईयोबाजवळ जमिनीवर एक शब्दही न बोलता बसून राहिले होते. आमच्याकडेही अशी एक बाई आली होती. तिने पदराखालून पायलीभर ज्वारी काढून आईपुढे ठेवली, घटकाभर तिच्याजवळ बसली आणि निघून गेली. आई अखेरपर्यंत त्या बाईचेच नाव काढीत असे.)

एका रविवारी साक्ष देण्याच्या वेळी वडील उभे राहिले. सर्वांना वाटले की ते देवाचे आभार मानतील. त्यांनी 88 वे स्तोत्र काढले आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सावकाश वाचले. हे कोरहपुत्रांचे, म्हणजे मंदिरातील गायकांच्या घराण्याचे, स्तोत्र आहे. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात, तसे हे वळत नाही, आणि मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ असा आहे. वाचून झाल्यावर ते पुस्तक मिटून खाली बसले. पेटी वाजवणाऱ्याचा हात भात्यावर तसाच राहिला. पाळकसाहेबांनीही घाईने पुढच्या गीताचा क्रमांक सांगितला नाही, याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे. उपासना संपल्यावर एका वडीलधाऱ्यांनी ओट्यावर गाठून विचारले, “भाऊसाहेब, ही काय साक्ष झाली?” वडील म्हणाले, “शास्त्रातलीच आहे.”

आपल्या मराठी मंडळीला ही भाषा परकी वाटावी याचे मला दुःख होते. जनाबाईने आपल्या विठ्ठलाला शिव्या दिल्या आणि त्या महाराष्ट्राने भक्ती म्हणून जपल्या. तुकोबांनी दुष्काळात घरचे माणूस अन्नावाचून गेलेले पाहिले आणि देवाशी उघड भांडण मांडले. त्याच तुकोबांनी बांधलेल्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे रेव्हरंड टिळकांनी सांगून ठेवले आहे. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात आईवडील गमावले, पुढे भाऊ आणि पती गमावले, आणि जुलै 1921 मध्ये मुलगी मनोरमाही गेली. त्या काळात केडगावला त्या हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत शास्त्र उतरवीत होत्या, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचा देहान्त झाला. ज्या बाईच्या वाट्याला इतके मृत्यू आले, तिच्या हातून शास्त्रातले विलापगीत हे पुस्तकही मराठीत आले, याचा आपण कधी थांबून विचार केला आहे काय?

अध्यक्षमहोदयांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा कबूल केलेला मुख्य भाग मला काही मिनिटांतच उरकावा लागेल.

ईयोबाच्या बेचाळिसाव्या अध्यायात देव रागावतो तो देवाची बाजू मांडणाऱ्या मित्रांवर, आणि ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला असे सांगतो. मित्र सारा वेळ देवाविषयी बोलतात. साऱ्या पुस्तकात त्यांच्यापैकी एकाचीही प्रार्थना नाही. ईयोब मात्र देवाशी बोलतो. तक्रार ज्याच्या दारी नेली त्याच्यावरचा भरवसा त्या नेण्यातच असतो, आणि म्हणून 88 व्या स्तोत्राची सुरुवात, सगळा अंधार समोर असतानाही, तारण करणाऱ्या देवाला हाक मारून होते. आपल्या प्रभूने वधस्तंभावर 22 व्या स्तोत्राचीच पहिली ओळ उच्चारली. ज्याने स्वतः “तू माझा त्याग का केलास” असे विचारले, त्याच्यापुढे आपण हसरा चेहरा लावून बसण्याचे कारण नाही.

हबक्कूक संदेष्ट्याचे तिसऱ्या अध्यायातील वचन, अंजिराला फूल आले नाही, गोठ्यात गुरे राहिली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, हे आपल्या पुष्कळ घरांतील दिनदर्शिकांवर असते. त्याच संदेष्ट्याने पहिल्या अध्यायात “कोठवर?” असे विचारले होते, हे त्यासोबत छापले पाहिजे. त्याला मिळालेले उत्तर मनासारखे नव्हते आणि पीकही आलेले नव्हते. तरी त्याने उपासना निवडली, आणि ती निवड खरी आहे ती आधीच्या प्रश्नामुळे. यातून अन्याय मुकाट्याने सोसावा असा अर्थ कोणी काढू नये. वडील रविवारी देवापुढे रडत आणि सोमवारी संस्थेला लेखी खुलासा पाठवीत. तीन वर्षांत त्यांनी यांतले काहीच चुकवले नाही. शेवटी ते निर्दोष असल्याचा दोन ओळींचा आदेश आला. त्यात दिलगिरीचा शब्द नव्हता.

ते गेल्यानंतर त्यांचे शास्त्र माझ्याकडे आले. 88 व्या स्तोत्राच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत तारखा लिहिलेल्या आहेत, आणि शेवटच्या चार त्या आदेशानंतरच्या आहेत. ते शास्त्र मी सोबत आणले आहे. आपणही आपापली शास्त्रे उघडावीत. आपण ते स्तोत्र शेवटच्या ओळीपर्यंत एकत्र वाचू, आणि त्यानंतर लगेच गीत घेऊ नये अशी पेटीवरच्या बंधूंना माझी विनंती आहे.