मोकळीक, प्रीती आणि म्हसोबाचा बोकड

नमस्कार मंडळी. आजचा विषय ख्रिस्ती माणसाची मोकळीक आणि प्रीती. ऐकायला जड वाटतं, पण पवित्र शास्त्रात हा सगळा घोळ जेवणावरून झालाय, त्यामुळे घाबरू नका.

पौलाने, म्हणजे येशूच्या प्रेषिताने, करिंथकरांना पहिलं पत्र लिहिलं ते इसवी सन 55 च्या आसपास, इफिसहून. त्यातले 8 ते 10 अध्याय काढून ठेवा. करिंथ म्हणजे व्यापाराचं शहर, जागोजागी देवळं. देवळात बळी द्यायचे, थोडं वेदीवर जाळायचं, थोडं पुजाऱ्याला, आणि उरलेलं तिथंच पंगतीत नाहीतर बाजारात विकायला. तिथल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दोन गट पडले. एक म्हणे मूर्ती काहीच नाही, देव एकच, मग मटण ते मटण. दुसरे कालपरवापर्यंत त्याच देवळात हात जोडणारे, त्यांच्या घशाखाली ते उतरेना. पौल म्हणतो पहिल्यांचं बरोबर आहे. परत सांगतो, बरोबर आहे म्हणतो. आणि तरी पुढे म्हणतो की माझ्या खाण्याने भाऊ अडखळत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही.

आता आमच्या गार्डकाकांचं सांगतो. भुसावळला रेल्वेत गार्ड होते, रिटायर झाले, मंडळीत वडील (म्हणजे चर्चचे कारभारी) आहेत, आणि मटणाचे असे शौकीन की रश्श्याच्या वासावरून मसाला कुठल्या घरचा ते सांगतील. थंडीत आमच्या मंडळीची भरीत पार्टी असते, यावलकडे एका ओळखीच्या पाटलांच्या शेतात. पाटील काही ख्रिस्ती नाहीत पण माणूस मोठ्या मनाचा, वांगी त्यांचीच, ती भाजायला कपाशीच्या काड्यापण त्यांच्याच. (भरीत लाकडी बडगीतच ठेचायचं बरं का, हल्ली लोक मिक्सरला फिरवतात आणि वर फोटो टाकतात, त्याला भरीत म्हणू नये, चटणी म्हणा हवं तर.)

तर पंगत बसली, कळण्याची भाकरी, भरीत, कांद्याची पात, आणि तेवढ्यात पाटीलवहिनी स्वतः पातेलं घेऊन आल्या, काळ्या मसाल्याचा रस्सा, वर बोटभर तर्री. काकांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. वहिनींनी पहिली वाटी काकांनाच वाढली आणि सहज म्हणाल्या, काल शेतातल्या म्हसोबाला बोकड दिला ना, त्याचाच वाटा ठेवला होता तुमच्यासाठी. काकांनी भाकरी बुडवलीसुद्धा.

शेजारी एक पोरगा बसला होता, चोपड्याकडचा, केळीच्या गाडीवर असतो, नुकताच बाप्तिस्मा झालेला. त्याने वाटी हळूच पुढे सरकवली. काकांनी विचारलं, काय व्हयनं रे? तो म्हणाला, माले नको काका. मग खाली बघत सांगितलं की त्याचा बाप गावचा भगत, बोकड कापताना मागचे पाय धरायला हाच असायचा, लहानपणापासून, रक्त अंगावर उडायचं, आणि आता तेच परत तोंडात घातलं तर वाटतं आपण परत तिकडंच गेलो. एवढं बोलून तो माझ्याकडे, काकांकडे बघायला लागला, की ही मोठी माणसं खातायत तर आपणपण खायला पाहिजे का.

काकांना सगळं शास्त्र पाठ आहे. मूर्ती काहीच नाही, हे त्याला समजावून दोन मिनिटांत गप्प करता आलं असतं. त्यांनी भिजलेला घास ताटाच्या कडेला ठेवला आणि वहिनींना म्हणाले, वहिनी, आज तुमच्या वांग्यांनीच पोट भरायचं ठरवलंय, रस्सा राहू द्या. वहिनींना लागलं ते. आमच्या रश्श्याने काय पाप केलं, म्हणाल्या आणि पातेलं उचलून निघाल्या. काकांनी भरीत तीनदा मागून घेतलं, रात्रभर ॲसिडिटीने झोप नाही.

इथे बघा, पौलाच्या 10 व्या अध्यायातली गोष्ट जशीच्या तशी आहे. कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, खोदून विचारू नका. पण कुणी सांगितलं की हे नैवेद्याचं आहे, तर खाऊ नका, आणि तेसुद्धा तुमच्या विवेकासाठी नाही, त्या दुसऱ्याच्या विवेकासाठी. त्याच्या विवेकासाठी. आता हे करताना वाढणारीचं मन दुखलं त्याचं काय? काका दुसऱ्या दिवशी पाटलांच्या घरी गेले, ओसरीवर बसून त्या पोराची सगळी हकीकत सांगितली. पाटील हसले, वहिनी काही हसल्या नाहीत. पुढच्या थंडीत मात्र त्यांनी शेवभाजी केली आणि काकांना म्हणाल्या, ह्याच्यात कुठला देव नाही, निवांत खा. काका मला अजून म्हणतात की माझी मोकळीक त्या दिवशी दोन वाट्या रस्सा खाऊन गेली.

आता एक माझं मत, पटो न पटो. काही मंडळ्यांमध्ये ठेच लागणारे लोक वेगळेच असतात. पंचवीस वर्षं जुने, सगळं पाठ, पण बाईने मंगळसूत्र घातलं की ह्यांना ठेच, भजनाला तबला-टाळ आला की ठेच. ठेच नाही ही, दादागिरी आहे. पौलाने जपायला सांगितलं ते खरोखर मागे ओढल्या जाणाऱ्याला, त्या केळीच्या गाडीवरच्या पोरासारख्याला.

पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही. मोकळीक होती, वापरली नाही. आणि 1889 ला मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हा तिथल्या विधवा मुलींना आपापला धर्म-आचार पाळू दिला. स्वतःवर बंधन आणि दुसऱ्याला सूट. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं चालतं, घरात सासू-सुनेत बघा.

वेळ झाली. रोमकरांस पत्राचा 14 वा अध्याय ह्या आठवड्यात वाचून ठेवा, पुढच्या वेळी तिथूनच सुरू करू. नमस्कार.