पाठाच्या आदल्या रात्री

(एका अध्यापक महाविद्यालयात नव्या छात्राध्यापकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

भावनगरची दक्षिणामूर्ती संस्था आपल्याला माहीत असते ती गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरामुळे. पण १९१० साली नानाभाई भट्टांनी तिथं सुरू केलं होतं ते विद्यार्थ्यांचं वसतिगृह. शाळा मागाहून आली, बालमंदिर १९२० मध्ये, आणि शिक्षक घडवणारं अध्यापन मंदिर त्याच्याही नंतर. आधी एकत्र राहा, मग काय शिकायचं ते ठरवू, असा तो क्रम होता. आपल्या अध्यापक महाविद्यालयांत तो नेमका उलटा झाला. आधी मान्यता, मग इमारत, मग प्रवेश, आणि वसतिगृह? ते पुढच्या टप्प्यात. तो टप्पा बहुतेक ठिकाणी कधी येत नाही, हे इथल्या प्राध्यापकांना मी सांगायला नको.

ताराबाई मोडक त्या भावनगरात गिजुभाईंबरोबर काम करून आल्या. पुढं १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम उभं केलं. वारल्यांची मुलं शाळेत येत नाहीत, म्हणून बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली, म्हणजे गुरं चरतात तिथंच शाळा. मला विचाराल तर ही कल्पना सकाळच्या एसटीनं येऊन संध्याकाळच्या एसटीनं परत जाणाऱ्याला सुचणं कठीण. पोर सकाळी कुठं जातं आणि कुणाच्या गुरांमागं जातं, हे तिथं राहणाऱ्याला दिसतं.

पण आज मला जास्त बोलायचंय ते तुमच्या खोल्यांबद्दल. उद्या सराव पाठ आहे, पाचवीचा वर्ग, घटक अपूर्णांक. तुम्ही टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, काढलंय, शिक्षककृती, विद्यार्थीकृती, फलकलेखन, सगळे रकाने भरलेत. विद्यार्थीकृतीच्या रकान्यात लिहिलंय, ‘विद्यार्थी अपेक्षित उत्तर देतात.’ माझ्या नोकरीत मी अशी टाचणं इतकी तपासली, पण ‘विद्यार्थी अनपेक्षित उत्तर देतात’ असं लिहिणारा धीट प्राणी मला भेटला नाही! आता रात्री नऊ वाजता खोलीतल्या मैत्रिणीला समोर बसवा आणि म्हणा, तू पाचवीतली मुलगी हो. ती विचारेल, ‘बाई, पाच चारापेक्षा मोठे, मग एक पंचमांश एक चतुर्थांशापेक्षा मोठा का नाही?’ तुम्ही म्हणाल, ‘कारण छेद मोठा झाला की अपूर्णांक लहान होतो.’ ती म्हणेल, ‘पण का?’ तिथं तुमचं टाचण संपतं. मग कुणीतरी मेसमधून भाकरी आणतं, कुणी कागदाची पट्टी दुमडतं, तिसरी म्हणते, भाकरी नको, वाटे सारखे पडत नाहीत, पट्टीच बरी. हा अर्धा तास कुठल्याही वेळापत्रकात नाही. पाठ निरीक्षणाच्या वहीत दुसऱ्या दिवशी मार्गदर्शक ‘प्रश्नकौशल्य चांगले’ असा शेरा लिहितात, पण त्यातलं निम्मं श्रेय त्या खोट्या पाचवीतल्या मुलीचं असतं.

आणि ती खोटी मुलगी कुठली आहे, यालाही महत्त्व आहे. तुमच्यात कुणी अक्कलकुव्याचं असेल, कुणी भामरागडचं, कुणी चंदगडचं. घरी भिली, माडिया, कानडीमिश्रित मराठी बोलणारी माणसं एका खोलीत आली की पुस्तकातली मराठी सगळ्यांनाच थोडी परकी आहे, हे लक्षात येतं. पहिलीतल्या मुलाला ‘नीट बोल’ म्हणण्याआधी मग जीभ जरा अडते. ती अडायलाच हवी.

साताऱ्याची गोष्ट याच्याशी जोडलेली आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी वसतिगृहांना जो आधार दिला तो अफाट होता. पण त्या काळात ती बहुतेक जातवार होती, मराठा बोर्डिंग, जैन बोर्डिंग अशी. त्याच जैन बोर्डिंगात विद्यार्थी म्हणून राहिलेले भाऊराव पाटील अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आले आणि परतल्यावर आंघोळ करायला नाकारली, म्हणून त्यांना तिथून बाहेर पडावं लागलं. या माणसानं १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं एकच वसतिगृह काढलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या पोरांच्या जेवणासाठी दागिने मोडले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. दळण, स्वयंपाक, पाणी, झाडलोट, सगळं मुलं करत. १९३५ मध्ये भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेनं प्राथमिक शिक्षकांसाठी साताऱ्यात प्रशिक्षण विद्यालयही सुरू केलं, आणि पुढच्या काळात रयतच्या व्हॉलंटरी शाळा खेडोपाडी निघाल्या, पाचशेहून अधिक.

ज्या शाळेत कालपर्यंत काही मुलं दाराबाहेर बसत होती, तिथं त्यांना आत घेणारा मास्तर कुठून आणायचा? ‘समता’ या विषयावर चौदा गुणांचा प्रश्न सोडवून तो तयार होत नाही. ज्यानं सगळ्यांच्या हातची भाकरी खाल्ली आहे आणि स्वतःची करपलेली सगळ्यांना खाऊ घातली आहे, त्याला ती हिंमत वेगळी गोळा करावी लागत नाही. देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगात सदस्य-सचिव होते ते आपले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक. शिक्षक प्रशिक्षण विद्यापीठापासून तुटलं आहे, शाळांपासून तुटलं आहे, आणि प्रशिक्षण संस्था एकमेकींपासूनही तुटल्या आहेत, असं त्या आयोगानं साठ वर्षांपूर्वी नोंदवलं. माझी त्यात एक भर आहे, शिकणारे छात्राध्यापकही एकमेकांपासून तुटले आहेत.

देशात याला चांगला अपवाद आहे. १९६३ च्या सुमारास अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर इथं प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयं निघाली. बारावीनंतर तिथं चार वर्षांत विषयाची पदवी आणि बी.एड. एकत्र होते. महाराष्ट्र आणि गोव्यातली मुलं भोपाळला जातात. श्यामला हिल्सवरच्या त्या आवारात वसतिगृहं आहेत आणि प्रात्यक्षिकासाठी संस्थेचीच शाळाही आहे. रसायनशास्त्र शिकणारा आणि ते शिकवायला शिकणारा माणूस चार वर्षं एकच असतो. नव्या शैक्षणिक धोरणानं २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम हीच शिक्षकाची किमान पात्रता ठरवली आहे. अभ्यासक्रम तर येतोच आहे. पण खोल्या, मेस, रात्री बसायची जागा, याचा हिशेब कुणी मांडलेला मला दिसत नाही.

आता दुसरी बाजू. निवासी म्हटलं की सगळं मंगल, असं मी मानत नाही. पहाटे पाचची घंटा, रांगेत प्रार्थना, संध्याकाळी सातला मुलींच्या वसतिगृहाला कुलूप. अशा ठिकाणी आज्ञा पाळायला शिकलेला शिक्षक वर्गात जाऊन आज्ञाच सोडणार. शिवाय ज्यांचं लग्न झालंय, लहान मूल आहे, ज्या सकाळी दुकानात काम करून इथं येतात, त्यांनी काय करायचं? निवास सक्तीचा केला तर पहिल्यांदा त्याच बाहेर पडतील, आणि वर्गात मुलं कशी सांभाळायची हे कदाचित त्यांनाच सर्वांत जास्त कळत असेल.

म्हणून माझं मागणं छोटं आहे. मेसचा हिशेब आणि किराण्याची यादी विद्यार्थ्यांच्या समितीकडं द्या. भांडणं होतील, होऊ द्या. पालकसभेत पोषण आहाराच्या हिशेबावरून यापेक्षा मोठी होतात. खोल्या जिल्हा पाहून वाटू नका, चिठ्ठ्या टाका. सराव पाठाच्या आदल्या दिवशी घरून येणाऱ्यांनाही रात्री थांबता येईल अशा चार-सहा गाद्या ठेवा, आणि ज्यांना तेही जमणार नाही त्यांच्यासाठी दुपारचा एक तास मोकळा सोडा. तालमीला निदान एक खोटी पाचवी तरी त्यांना मिळायला हवी. आणि प्राचार्यबाई, तुमचं वाचनालय सहाला बंद होतं असं मला येताना मुलांनी सांगितलं. ते दहापर्यंत उघडं राहू द्या. शिपाईदादांना थांबवू नका, किल्ली या मुलांकडंच द्या.