वसईचे संत गोन्सालो गार्सिया: 'फादर' नव्हे, 'ब्रदर'!

नमस्कार मंडळी! ६ फेब्रुवारीचा सण जवळ आला की कमेंटमध्ये मागणी सुरू होते, "फादर गोन्सालोंवर एक व्हिडिओ होऊन जाऊ द्या." होऊ द्या की! पण त्यातला 'फादर' आधी काढूया.

जन्माचं वगैरे तुम्हाला ठाऊक आहेच. १५५६-५७च्या सुमारास वसईत जन्म, वडील पोर्तुगीज, आई इथलीच. शिक्षण येशूसंघीयांकडे, म्हणजे जेझुइट धर्मगुरूंकडे. कोवळ्या वयात त्यांच्याबरोबर जपानला गेले, आठेक वर्षं धर्मशिक्षण दिलं. येशूसंघात घेतील ही आशा होती, ती फळली नाही. मग व्यापार केला आणि पुढे फिलिपिन्समधल्या मनिलात फ्रान्सिस्कन संघात, म्हणजे संत फ्रान्सिसच्या अनुयायांच्या संघात, ब्रदर झाले.

आता नीट ऐका. फ्रान्सिस्कन संघात व्रतं सगळ्यांची सारखीच: गरिबी, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. त्यातल्या काहींना गुरुदीक्षा मिळते, म्हणजे ते धर्मगुरू, 'फादर' होतात. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करणं, लोकांनी दिलेली पापांची कबुली म्हणजे पापनिवेदन ऐकणं त्यांचं काम. बाकीचे ब्रदर. गोन्सालोंनी एकदाही मिस्सा अर्पण केली नाही, कारण ते धर्मगुरू नव्हतेच.

"मग एवढा मान कसा?" असं एकांनी विचारलंय. १५९३ साली पेद्रो बाप्तिस्ता हे धर्मगुरू फिलिपिन्सचे राजदूत म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर उभे राहिले, तेव्हा त्यांच्या बाजूने जपानीत बोलत होते आपले वसईचे ब्रदर! दुभाषा चुकला तर अख्खी शिष्टाई बुडते. तो भार यांच्या जिभेवर होता.

१५९६च्या ऑक्टोबरात सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानमधल्या तोसाच्या किनाऱ्याला फुटून लागलं, माल जप्त झाला, हिदेयोशी बिथरला, धरपकड झाली. क्योतोत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापला. मग ऐन हिवाळ्यात महिनाभर नागासाकीपर्यंत वरात. ५ फेब्रुवारी १५९७ला निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रूसावर चढवलं. इथेही एक दुरुस्ती करा: खिळे ठोकले नव्हते. जपानी पद्धतीत हातपाय नि मान कड्यांनी, दोरांनी जखडतात आणि दोन्ही बाजूंनी भाले खुपसतात.

या २६ जणांत फ्रान्सिस्कन संघाचे सहा. धर्मगुरू तीनच: पेद्रो बाप्तिस्ता, मार्तिन, फ्रान्सिस्को ब्लांको. मेक्सिकोचे फेलिपे तर गुरुदीक्षेसाठी मायदेशी निघाले होते, त्याच फुटलेल्या जहाजातून. उरले दोन ब्रदर: फ्रान्सिस्को दे सान मिगेल आणि आपले गोन्सालो. यादी एकदा अशी वाचली की घोळ राहत नाही.

१६२७ला धन्यवादित (संतपदाआधीची पायरी), ८ जून १८६२ला पोप नववे पायस यांच्या हस्ते संतपद. म्हणजे भारतात जन्मलेले पहिले संत हेच. २००८च्या संत अल्फोन्सा या पहिल्या भारतीय महिला संत. 'पहिले संत' आणि 'पहिल्या महिला संत' यांत १४६ वर्षांचं अंतर आहे, ते गिळू नका.

वसई किल्ल्यात गेलात तर फ्रान्सिस्कनांचं संत अंतोनीचं चर्च पडक्या अवस्थेत दिसेल. त्याच किल्ल्यात ज्याला लोक गोन्सालो गार्सिया चर्च म्हणतात, ते मुळात येशूसंघीयांचं. ज्यांनी संघात घेतलं नाही, त्यांच्याच चर्चला आज या ब्रदरचं नाव!

मूर्ती करून घेणार असाल तर कारागिराला एवढं सांगा: कमरेला तीन गाठींची दोरी, क्रूस, दोन भाले. गळ्यात स्टोल, म्हणजे उपासनेच्या वेळी घालायचा लांब पट्टा, नको. स्टोल धर्मगुरूचा.