घाट हवा असेल तर गाडी लहान घ्या

मित्रहो, मॉडेल रेल्वेत खेळगाड्यांची दोन मापं नेहमीची: मोठं एचओ आणि लहान एन. त्यात एन हे नाइलाजाने घ्यायचं माप, असा समज आहे. वन बीएचकेत राहतो, एचओ बसत नाही, म्हणून एन. मला हे पटत नाही. नुसत्या इंजिनावर जीव असेल तर खुशाल एचओ घ्या. पण अख्खी गाडी डोंगरातून जाताना बघायची असेल, तर घर मोठं असलं तरी आधी एनचा विचार करा.

हिशेब मांडू. एचओ म्हणजे १:८७ (खऱ्या गाडीच्या ८७व्या भागाएवढी), एन म्हणजे १:१६०. आपल्या एक्सप्रेस गाड्यांचा एलएचबी डबा सुमारे २४ मीटरांचा. तो एचओमध्ये साडेसत्तावीस सेंटिमीटर होतो, एनमध्ये पंधरा. सोळा डब्यांची गाडी एचओत ४.४ मीटर, इंजिन वेगळंच. दिवाणखान्याची भिंत तिथेच संपते. मग पाच डबे जोडून तिलाच एक्सप्रेस म्हणायची वेळ येते. एनमध्ये ते सोळा डबे २.४ मीटरांत मावतात, आणि पुढेमागे डोंगराला जागा उरते.

बोरघाटाचा चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. तोच चढ ठेवून एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा, तर एनमध्ये साधारण ५ सेंटिमीटर उंची लागते, म्हणजे १.८५ मीटरांचा चढ. एचओत ८ सेंटिमीटर धरले तर जवळजवळ तीन मीटर! वळणाचंही तेच. जपानी कातो कंपनीचा ३१५ मिलिमीटर त्रिज्येचा रूळ पाऊण मीटर रुंदीच्या टेबलावर पूर्ण वळतो. तसंच वळण एचओत घ्यायला सव्वा मीटरच्या वर रुंदी हवी. भिंतीला लावलेल्या टेबलावर पलीकडे घसरलेला डबा उचलायला हात पोचणार कसा?

एनचे त्रासही खरे आहेत. इंजिन हलकं. रुळावर धुळीचा पातळ थर बसला की पॉइंटवर, म्हणजे रूळ फुटतात तिथे, ते अडखळतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने रूळ पुसत राहावं लागतं, आणि वायरिंग करताना दर मीटरभराने रुळाला वीज द्यावी. इंजिन घेताना सगळ्या चाकांतून वीज उचलणारंच घ्या, इथे पैसे वाचवू नका. भारतीय गाड्यांची तयार मॉडेलं मात्र बहुतेक एचओत मिळतात. एनमध्ये बरंच काही हाताने करावं लागतं. मला त्यात आनंद वाटतो, सगळ्यांना वाटेलच असं नाही.

माथेरानची गाडी करायची असेल, तर माझा सल्ला अगदी उलटा. तिचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, दोन फुटी, ६१० मिलिमीटर. १:७६ मापात तो ८ मिलिमीटर होतो, आणि एनचा रूळ ९ मिलिमीटरचा, म्हणून तोच चालतो. ब्रिटनमधले हौशी लोक दोन फुटी गाड्या याच जोडणीवर करतात, त्याला डबल-ओ-नाइन म्हणतात. डबे मोजके आणि आखूड, वळणं आवळ. ती गाडी मोठ्या मापातही एका टेबलावर बसते.