नसलेल्या विमानाचा इसार

नमस्कार श्रोतेहो. नव्या इमारतीत घर घ्यायचं तर बिल्डर निदान सॅम्पल फ्लॅट तरी दाखवतो. मालवाहू विमानं मागवणाऱ्या कंपन्यांच्या नशिबी पुष्कळदा तेवढंही नसतं. विमान कागदावर, इसार मात्र रोख. आज अमेरिकेतल्या फेडेक्स या पार्सल कंपनीचा असाच एक सौदा सांगतो.

17 एप्रिल 1973 च्या रात्री या कंपनीनं मेम्फिसहून 14 लहान जेट विमानांनिशी काम सुरू केलं. पहिल्या रात्रीची पार्सलं किती? 186. पुढच्या तीस वर्षांत पसारा एवढा वाढला, की एअरबसच्या दुमजली ए-380 ची मालवाहू आवृत्ती निघणार म्हटल्यावर फेडेक्सनं अशी 10 विमानं मागवली. एका खेपेला 150 टन माल! 2008 पासून ती हाती यायची होती.

आता तुम्ही विचाराल, एवढं महागडं नवं विमान हवंच कशाला? प्रश्न रास्त आहे, कारण याच फेडेक्सनं प्रवासी कंपन्यांची वापरलेली बोइंग 757 सुद्धा ढिगानं घेतली. सीट काढायच्या, खिडक्या बुजवायच्या, बाजूला मोठं दार कापायचं, तळ मजबूत करायचा. 2020 मध्ये आपल्या एसटीनं जुन्या बसच्या मालगाड्या केल्या, तोच प्रकार. आपल्याकडची ब्लू डार्टची 757 देखील अशीच. रात्री देशातल्या देशात पार्सलं पोचवणारं विमान दिवसाकाठी मोजकेच तास उडतं. जुनं इंजिन जास्त इंधन पीत असेल, पण उडतंच किती? महासागर ओलांडणारं विमान मात्र अर्ध्याहून अधिक दिवस हवेत असतं. तिथे जुन्या विमानात वाचलेला पैसा इंधनातच जळून जातो.

दुसरा हिशेब आकारमानाचा. विमानात वजन संपण्याआधी जागा संपू शकते. म्हणून हवाई मालाचं भाडं लावताना साधारण 6000 घन सेंटिमीटर म्हणजे 1 किलो धरतात. उशी पाठवा, भाडं वजनापेक्षा जास्तच पडेल. फेडेक्सचा धंदा खोक्यांचा, आणि खोक्यांत हवाच फार. अशा मालाला दोन मजल्यांचं पोट सोयीचं. वरच्या मजल्यावर माल चढवायला वेगळी उंच यंत्रं लागली असती, ती गोष्ट निराळी.

पण घोडं अडलं तारांपाशी. एका ए-380 मध्ये सुमारे 530 किलोमीटर विजेच्या तारा. एअरबसचे जर्मनीतल्या हॅम्बर्गचे आणि फ्रान्समधल्या तुलूझचे अभियंते आराखड्याच्या एकाच सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते. जोडणीच्या वेळी तारा तोकड्या पडल्या! ऑक्टोबर 2006 मध्ये एअरबसनं तिसऱ्यांदा तारीख पुढे ढकलली. प्रवासी कंपनी जुनी विमानं आणखी दोन वर्षं रेटते. चीनहून निघालेला माल मात्र थांबत नाही, तो प्रतिस्पर्ध्याच्या विमानात चढतो.

नोव्हेंबर 2006 मध्ये फेडेक्सनं दहाही विमानं रद्द केली आणि बोइंगची 15 मालवाहू 777 मागवली. शिवाय आणखी 15 चा पर्याय राखून ठेवला. पर्याय म्हणजे रांगेत रुमाल टाकून ठेवणं. धंदा वाढला तर घेऊ, नाही तर सोडू. गंमत अशी, की मालवाहू 777 सुद्धा तेव्हा आकाशात गेलेलं नव्हतं. फरक एवढाच, की त्याचं प्रवासी भावंड 1995 पासून रोज उडत होतं. माझ्या मते फेडेक्सनं विमानापेक्षा तारखेची खात्री विकत घेतली. नवं विमान नेणार होतं 102 टन, म्हणजे 48 टन कमी. ते त्यांनी सोसलं. सप्टेंबर 2009 मध्ये पहिलं हाती आलं, आणि शांघायहून निघालेला माल वाटेत अलास्कात न उतरता थेट मेम्फिसला जाऊ लागला.

मार्च 2007 मध्ये फेडेक्सची प्रतिस्पर्धी पार्सल कंपनी यूपीएसनंही आपली 10 मालवाहू ए-380 रद्द केली. मालवाहू ए-380 एकही बनलं नाही.

सध्या नव्या रांगा लागल्या आहेत. बोइंगच्या नव्या मालवाहू 777-8 साठी कतार एअरवेजनं जानेवारी 2022 मध्ये 34 विमानांची पक्की ऑर्डर दिली. एअरबसचं मालवाहू ए-350 2025 मध्ये येणार होतं. ती तारीख आता 2027 वर गेली आहे. इसार अर्थात केव्हाच जमा झालाय. नमस्कार.